आधी अर्ज, मग बाजार



मी वकील नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. तरीही डिझाइनच्या नोंदणीवर बोलायला उभा राहिलो, याला कारण एक जुनी चूक आहे, आणि ती माझी आहे.

२०१४ साली आमच्या शाखेत चपला बनविणारे एक गृहस्थ छोट्या कर्जासाठी येत. त्यांनी स्त्रियांच्या चपलेचा एक नवा पट्टा तयार केला होता. एकाच कातड्यातून कापलेला, पानासारखा वळवून पुन्हा अंगठ्याशी आणलेला. याची नोंदणी करावी का, असे त्यांनी विचारले. मी शहाणपणाने म्हणालो, "काका, आधी खपतो का पाहा, मग खर्च करा." त्यांनी ऐकले. दोन प्रदर्शनांत माल मांडला, तो खपलाही. सात-आठ महिन्यांत तोच पट्टा रेक्झिनमध्ये, निम्म्या किमतीत, रस्त्यावर आला. मग आमची धावाधाव. ज्या जाणकारांकडे गेलो त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "हा माल बाजारात कधी आला?" उत्तर ऐकून त्यांनी फाइल मिटली.

त्या दिवसापासून मी हा विषय वाचू लागलो. डिझाइन म्हणजे वस्तूचे डोळ्यांना दिसणारे रूप: आकार, नक्षी, रेषा, रंगांची मांडणी. वस्तू काम कशी करते, हा वेगळा प्रश्न. २००० सालचा डिझाइन कायदा ११ मे २००१ पासून लागू झाला. त्याची मुख्य अट अशी की, अर्जाच्या तारखेपूर्वी ते रूप भारतात किंवा जगात कोठेही लोकांसमोर आलेले नसावे. त्याआधीच्या १९११ च्या कायद्यात केवळ भारतापुरते पाहिले जाई. आता छापील चित्र, दुकानातील विक्री, इंटरनेटवर टाकलेला फोटो, सारे मोजले जाते. आणि मालकाने स्वतः दाखविले असले तरी सुटका नाही! लोकांना हीच गोष्ट पटत नाही. "माझेच तर आहे," असे काकाही म्हणाले होते.

युरोपीय संघात आणि अमेरिकेत स्वतः दाखविल्यानंतरही बारा महिन्यांची सवलत मिळते. आपला कायदा लिहिताना तशी सर्वसाधारण सवलत ठेवली गेली नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडायचे असेल, तर कंट्रोलरला आधी सूचना देऊन, मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करता येतो. गावच्या जत्रेतील किंवा बचत गटाच्या मेळाव्यातील टेबलाला ही सवलत नाही. विश्वासाने, गुप्त ठेवण्याच्या बोलीवर कोणाला दाखविले तर मात्र हक्क जात नाही.

कोल्हापुरीचा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाने तशाच दिसणाऱ्या चपला दाखविल्या, तेव्हा गदारोळ झाला. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने नावाला आणि प्रदेशाला संरक्षण मिळते. तो जुना आकार नवा नसल्यामुळे डिझाइन म्हणून नोंदविता येत नाही. पण एखाद्या कारागिराने आज त्यात खरोखर नवे रूप आणले, तर ते नोंदविता येईल. अर्थात, दुकानात टांगण्यापूर्वी.

व्यक्तीसाठी अर्जाची फी १००० रुपये आहे. डिझाइनचे काम कोलकात्याच्या पेटंट कार्यालयात चालते, अर्ज ऑनलाइनही करता येतो. प्रमाणपत्र उशिरा आले तरी हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. म्हणून तारीख पकडणे महत्त्वाचे, कागदाला वेळ लागला तर लागू द्या. मात्र कार्यालयाने काढलेल्या त्रुटी पडून ठेवू नका. अर्जापासून सहा महिन्यांत, मुदतवाढ मागितल्यास आणखी तीन महिन्यांत, पूर्तता झाली नाही तर अर्ज सोडून दिला असे समजतात. हक्क दहा वर्षांचा. ती संपण्याआधी मागितल्यास पाच वर्षे वाढतात.

काका अजून धंदा करतात. पहिल्या पट्ट्याबद्दल मला त्यांनी कधी बोल लावला नाही, त्यामुळे जास्त लागते. पुढे एकदा ते काउंटरवर आले, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपलेची नवी जोडी काढू लागले. मी म्हटले, "थांबा, आधी सांगा, कोणाला दाखवलीत?"

"घरी फक्त. आणि आता तुम्हाला, साहेब."

त्याच आठवड्यात आम्ही अर्ज भरला.