प्रकल्प पूर्ण झाला, असे केव्हा म्हणावे?

(व्याख्यानाचा मजकूर)



जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे त्याचे कार्यक्षेत्र. २०१८ पासून ते बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करते. अक्षरओळख नसलेल्या, परंतु शेतीतील श्रमांचे मर्म जाणणाऱ्या एका शेतकरी स्त्रीचे नाव ज्या विद्यापीठाला आहे, तेथे ‘प्रकल्प व्यवस्थापन’ हा विषय कसा शिकवला जावा आणि त्यात संशोधन कशाचे व्हावे, हा आजचा प्रश्न आहे.

या शास्त्राची दोन प्रमुख तंत्रे १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत जन्मली. एक ड्यू पॉन्ट या रसायन कंपनीच्या कारखान्यांसाठी, दुसरे अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी. कामाचे लहान लहान भाग पाडावयाचे, कोणते कशाआधी हे ठरवावयाचे, आणि ज्या साखळीत एक दिवसाचा विलंब झाला तर सारे काम एक दिवस लांबते, ती साखळी शोधावयाची, हे त्यांचे सार. ही तंत्रे उपयुक्त आहेत, याविषयी वाद नाही. परंतु त्यांच्या जन्मस्थळी एक गोष्ट गृहीत होती. पैसा ज्याचा, निर्णयही त्याचाच आणि उपयोगही त्याचाच. सार्वजनिक प्रकल्पात असे नसते. पैसा करदात्याचा, निर्णय मंत्रालयाचा, पाणी एका गावाला आणि बुडीत दुसऱ्या गावाला! हा भेद न शिकवता केवळ आराखड्याचे तक्ते शिकवले, तर विद्यार्थी हिशेबनीस होईल, अर्थशास्त्रज्ञ होणार नाही.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. अमळनेर तालुक्यात पाडळसे येथे तापीवरील निम्न तापी प्रकल्पाला नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा खर्च सुमारे १४२ कोटी रुपये धरला होता. पाव शतक लोटले आणि अंदाज हजारो कोटींत गेला. विद्यार्थ्यांना ही विलंबाची साखळी शोधावयास सांगितली, तर ती केवळ सिमेंट-काँक्रीटमधून जात नाही, हे त्यांना कळेल. ती भूसंपादनातून, सुधारित मान्यतांतून आणि वर्षानुवर्षांच्या तुटपुंज्या तरतुदींतून जाते. एका प्रकल्पाला पुरेल एवढा निधी दहा ठिकाणी वाटला, तर दहा ठिकाणी नारळ फुटतात आणि पाणी एकाही ठिकाणी पोचत नाही. मधल्या काळात भाववाढीचा बोजा मात्र दहाही प्रकल्पांवर चढतो. हा तंत्रज्ञांचा अडाणीपणा नव्हे; भूमिपूजनाचे श्रेय आज मिळते आणि अपूर्णतेचा जाब उद्या कोणी विचारत नाही, या राजकीय व्यवहाराचा तो परिणाम आहे.

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले आणि वादळ उठले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले व २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला. पण आकड्यांची अशी छाननी वादळ उठल्यावरच का व्हावी? ती विद्यापीठाच्या नित्यकर्माचा भाग का नसावी?

महाराष्ट्रात याची परंपरा आहे. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी धनंजयराव गाडगीळांनी केली व १९४८ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेने ती प्रसिद्ध केली. कालव्याचे यश केवळ पाणीपट्टीच्या वसुलीवर मोजू नये. शेती, मजुरी, व्यापार यांत काय बदलले ते गावोगाव जाऊन पाहावे, हा तिचा धडा.

लाभ मोजावे तशी हानीही मोजली पाहिजे. सरदार सरोवरामुळे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बाधित झाली. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाची पूर्वतयारी अपुरी असल्याचे स्पष्ट सांगितले. वेळापत्रकात भिंतीची उंची होती. मणिबेलीचा माणूस नव्हता. ज्या आराखड्यात पुनर्वसन हे धरणाआधीचे काम म्हणून लिहिलेले नाही, तो आराखडा शास्त्राच्या कसोटीवरही चुकीचाच होय.

आणि उत्तम व्यवस्थापनाचा नमुनाही येथेच आहे. पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत पाहावी. बंधाऱ्याखालील जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एका हंगामी एकाच प्रकारचे पीक, शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवावयाचा. म्हणजे तूट सर्वांत विभागली जाते. पाटकरी आणि जागल्या गावाला उत्तरदायी. टंचाईची वाटणी आधीच ठरवून ठेवणारी ही रचना कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे.

यावर आक्षेप येईल, की विद्यार्थ्याला नोकरी हवी आहे आणि कंपन्यांना संगणकावर वेळापत्रक मांडणारा तरुण हवा आहे. आक्षेप रास्त आहे. खानदेशातील शेतकऱ्याच्या मुलाला नोकरी नको असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण तेच तंत्र पाडळशाच्या कागदांवर शिकता येते, आणि मग त्याला तंत्राबरोबर प्रश्नही येतो.

म्हणून सूचना साधी आहे. व्यवस्थापन व अर्थशास्त्राच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक पाझर तलाव, एक बंधारा किंवा एक चारी निवडावी. मान्यता केव्हा, मूळ खर्च किती, आजवरचा किती, आणि शेवटच्या शेतात पाणी पोचले काय, एवढे चार रकाने भरावेत. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने मिळालेला आहे. कार्यकर्त्यांनी अर्ज करण्यास आणि गावात नेण्यास विद्यार्थ्यांचा हात धरावा. अशा शंभर प्रबंधिका एकत्र आल्या, तर पुढच्या भूमिपूजनाच्या वेळी मंडपात बसलेला शेतकरी विचारील की मागचा नारळ फोडला होता, त्याचे पाणी कोठे आहे? तो प्रश्न ज्या दिवशी विचारला जाईल, त्या दिवशी हा अभ्यासक्रम सफल झाला असे म्हणता येईल.