मांडामांड आणि आवराआवर



संगणकाचे नाव निघताच मागच्या रांगा रिकाम्या होतील, अशी भीती आम्हांला होती. आपण बसून राहिलात, हे आपले उपकारच. वस्तुतः विषय स्वयंपाकघरातलाच आहे. पहिल्या पदार्थाची खरकटी कढई तशीच घेऊन कोणी तीत दुसरा पदार्थ केला, तर बिघडलेल्या चवीचा दोष द्यायचा कोणाला?

प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी आपले काम तपासण्यासाठी आणखी छोटे प्रोग्रॅम लिहितात. ह्या चाचण्या शेकड्यांनी असतात. प्रत्येकीपूर्वी काही मांडावे लागते : खोटा खातेदार, खोटी शिल्लक, एखादी तात्पुरती फाईल. नंतर ते पुसावे लागते. केंट बेक ह्या अमेरिकन गृहस्थांनी स्मॉलटॉक भाषेसाठी अशी चौकट बांधली, आणि 1997 मध्ये एरिक गामा यांच्यासह विमानात बसल्या बसल्या जावा भाषेच्या जेयुनिटचा आरंभ केला. तिच्यात मांडणाऱ्या भागाला 'सेटअप' आणि आवरणाऱ्याला 'टिअरडाउन' म्हणत. चाचणी नापास झाली तरी टिअरडाउन धावतेच, आणि ह्याच भरवशावर आम्ही निर्धास्त होतो.

आमच्याकडे एक नवा मुलगा आला. त्याची चाचणी एकटी चालवली की पास. सगळ्यांबरोबर चालवली की कधी पास, कधी नापास. तिला एक खातेदार सापडायला हवा, तर सापडत दोन. आम्ही त्याला दोन दिवस बोल लावले. तिसऱ्या दिवशी त्यानेच दाखवून दिले, की दुसरा खातेदार आधीच्या चाचणीचा आहे, आणि ती चाचणी आम्ही लिहिलेली!

झाले होते असे. आमच्या सेटअपमध्ये खातेदाराची नोंद होई, मग दुसऱ्या यंत्राशी जोडणी. जोडणी अधूनमधून फसे. 'नेटवर्कचे जुनेच दुखणे' म्हणून आम्ही तिकडे काणाडोळा करीत असू. परंतु पायथनच्या युनिटटेस्टचा नियम असा, की सेटअपच अर्ध्यावर मोडले, तर टिअरडाउन धावतच नाही. पाहुणा घरात आला, आणि त्याला निरोप देणारे कोणीच नाही!

उपाय 2009 सालच्या पायथन 3.1 पासून उपलब्ध होता. आम्हीच तो वाचला नव्हता. 'ॲडक्लीनअप' म्हणून एक सोय आहे. वस्तू मांडली, की लगेच तिच्या आवरण्याची नोंद करून ठेवायची. पुढे सेटअप फसो वा चाचणी, नोंदलेले सारे उलट्या क्रमाने धावते. उलट्या का? आधी खातेदार नोंदवला, मग त्याचे खाते उघडले. तेव्हा मोडताना आधी खाते, मग खातेदार. मांडव उतरवताना कोणी खांब आधी काढीत नाही.

एक्सयुनिट डॉट नेट ह्या चौकटीच्या कर्त्यांनी तर सेटअप आणि टिअरडाउनच्या वेगळ्या खुणाच ठेवल्या नाहीत. ते काम वस्तूच्या जन्माकडे आणि विसर्जनाकडे सोपवले. आम्हांला हे थोडे कर्मठ वाटते. पण लांबलचक सेटअप वाचताना डोळ्यांना जे हेलपाटे पडतात, ते आठवले म्हणजे त्यांचा राग येत नाही.

त्या मुलाची माफी आम्ही चारचौघांत मागितली. बोललोही चारचौघांतच होतो.