मुळांतले विष आणि आपले काम



 आद्यकवी मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातल्या याच अंबाजोगाईत आहे. हे गाव मोमिनाबाद होते तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांनी इथल्या योगेश्वरी विद्यालयात शिकवले, आणि त्यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आज गोरगरीब रुग्णांचा आधार आहे. शेजारच्या परळीत, समुद्रमंथनातले अमृत वैजनाथाच्या लिंगात लपवले गेले अशी श्रद्धा आहे. त्याच मंथनातून हलाहलही निघाले होते. विषारी मुळांतल्या अल्कलॉइडांची चर्चा करायला याहून योग्य परिसर मला सुचत नाही.

पावसाळ्यात बालाघाटच्या उतारांवर कळलावी फुलते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असते. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून तेच वातरक्ताच्या रुग्णाचा ठणका उतरवते. मात्रा चुकली की मात्र ते शरीरातल्या पेशींचे विभाजनच थांबवते. कंद रताळे समजून पोटात गेला, तर काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या, जुलाब. सलाईन लावले की रुग्णाला बरे वाटते, नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. खरा घात पुढच्या काही दिवसांत होतो: अस्थिमज्जा खचते, पांढऱ्या पेशी घसरतात, मूत्रपिंडे थकतात. यावर हमखास उतारा आजही आपल्या दवाखान्यांत नाही. म्हणून माझी डॉक्टर मंडळींना विनंती आहे, अशा रुग्णाला पहिल्या दिवशी घरी सोडू नका.

बचनाग आपल्याकडे उगवत नाही, हिमालयातून येतो. त्यातले अकोनिटीन हृदयाचे ठोके विस्कटून टाकते. दोन-चार मिलिग्रॅमही जिवावर बेततात. जुन्या वैद्यांनी तो गोमूत्रात भिजवून, दुधात उकळून शुद्ध करायची रीत घालून दिली. उष्णता आणि पाण्याने अकोनिटीनचे रेणू तुटून सौम्य होतात, हे रसायनशास्त्राने पुढे दाखवले. मला या रीतीबद्दल अतिशय आदर आहे, आणि म्हणूनच अर्धवट शोधन करून विकणाऱ्यांची चीड येते. औषधविषयक नियमांच्या ई-१ अनुसूचीत वत्सनाभ (बचनाग), लांगली (कळलावी), धत्तूर (धोत्रा) ही नावे आहेत; ती असलेल्या औषधावर सावधगिरीची सूचना छापावी लागते. बाजारातल्या सुट्या मुळीवर कोण काय छापणार?

परंपरा आणि प्रयोगशाळा एकत्र आल्या की काय घडते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी दाखवले. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्या मुळीतून रिसर्पिन वेगळे झाले. पुढे मागणी इतकी वाढली की सर्पगंधा जंगलातून ओरबाडली गेली. मूळ उपटले की झाडच जाते. याउलट तमिळनाडूचे शेतकरी कळलावीची शेती मुख्यतः बियांसाठी करतात, कंद जमिनीतच राहतो. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते जमेल का, यावर कृषी शास्त्रज्ञांनी इथे मोकळेपणाने बोलावे.

एक मागणे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातले कोयते, म्हणजे मजूर जोडपी, ऊसतोडीला निघतात. फडावरच्या कोपीत लेकरू आजारी पडले की दवाखाना लांब असतो आणि बांधावरची मुळी जवळ. आपण इथून उठण्यापूर्वी कळलावी, धोत्रा, बचनाग यांची चित्रे, विषबाधेची लक्षणे आणि ‘१०८’ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असलेले एक पान सोप्या मराठीत तयार करावे. ते छापून आशाताईंकडे आणि मुकादमांकडे पोहोचवण्याची जबाबदारी स्वागत समिती घेते. मजकूर तेवढा तुम्ही द्या.