रिचार्जची मुदत संपल्यावर



मुदत हा शब्द आपल्याला नवा नाही. पीककर्जाची मुदत, विम्याच्या हप्त्याची मुदत, खंडाने घेतलेल्या जमिनीची मुदत, या सगळ्या तारखा आपण बोटांवर मोजून लक्षात ठेवतो. पण खिशातल्या मोबाइलच्या रिचार्जची मुदत संपल्यावर पुढे काय होते, असे विचारले, तर बहुतेक जण म्हणतील, ‘काय होणार? फोन बंद पडतो.’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात आपले नुकसान दडलेले असते. त्याविषयी आज चार गोष्टी सांगतो.

समजा, गावात एक म्हातारी आई आहे. तिच्याजवळ साधा बटणांचा फोन. मुलगा पुण्याला कामाला. रिचार्ज तोच करतो. दिवाळीत त्याने आईला नवा फोन आणि नवे सिम आणून दिले, आणि जुने सिम फडताळातल्या डब्यात जाऊन पडले. पण बँकेच्या खात्याला, आधारला आणि श्रावणबाळ योजनेच्या अर्जाला क्रमांक जोडलेला आहे तो जुनाच. त्या डब्यातल्या सिमचे आता काय होईल?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक म्हणजे योजना, म्हणजे आपण घेतलेला पॅक. आणि दुसरा म्हणजे क्रमांक. योजना मुदतीच्या दिवशीच संपते. त्यातले उरलेले इंटरनेट, उरलेले संदेश, सारे त्याबरोबर जाते. आपला फोन बाहेर लागत नाही. येणारे फोन आणखी काही दिवस येतात, मग तेही थांबतात. किती दिवसांनी, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे. क्रमांक मात्र त्या दिवशी जात नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला आपण ट्राय म्हणतो, त्याने २०१३ साली नियम केला आहे. प्रीपेड क्रमांकावर सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही, ना बोलणे, ना संदेश, ना इंटरनेट, तरच कंपनीला तो बंद करता येतो. त्यातही मुख्य खात्यात २० रुपये किंवा अधिक शिल्लक असेल, तर तो बंद करता येत नाही. कंपनी त्यातून जास्तीत जास्त २० रुपये कापून घेते आणि क्रमांक आणखी ३० दिवस राखून ठेवते. बंद झालाच, तरी तो पुन्हा चालू करून घेण्यासाठी १५ दिवसांची सवलत मिळते.

एक खुलासा केला पाहिजे. पॅकसाठी भरलेले पैसे या मुख्य शिल्लकेत जमा होत नाहीत. त्यासाठी टॉकटाइमचा वेगळा टॉप-अप करावा लागतो, आणि त्यातून कर व शुल्क वजा होते. म्हणून २० रुपये भरले की २० रुपये शिल्लक राहिले, असा हिशेब करू नये. आणि या शिलकेने क्रमांक राखला जातो, बंद पडलेली सेवा सुरू होत नाही, हेही ध्यानात असावे.

आता आपण म्हणाल, गेला क्रमांक तर गेला, नवा घेऊ! पण गेलेला क्रमांक पडीक राहत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२३ साली हा प्रश्न आला होता. बंद झालेला क्रमांक निदान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत, असे तेथे सांगण्यात आले. म्हणजे त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. आपली खाजगी माहिती जपण्याची काळजी जुन्या ग्राहकाने स्वतः घ्यावी, असेही न्यायालयाने म्हटले. मग त्या आईच्या खात्याचा ओटीपी, म्हणजे बँक पाठवते तो गुप्त आकडा, कोणा परक्याच्या फोनवर जाईल. तो मनुष्य भला असला तरी आईचे काम अडणारच. आणि भला नसला तर?

आपल्या राज्यात कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळू लागली. मोबाइलच्या क्रमांकाला असा कुळकायदा नाही. वीस वर्षे वापरला म्हणून तो आपला होत नाही. मुदत सांभाळली तरच तो राहतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट हिशेबाची. २८ दिवसांचा पॅक म्हणजे महिनाभराचा पॅक नव्हे. वर्षात असे तेरा रिचार्ज लागतात, बारा नव्हेत. ग्राहकांच्या या तक्रारीवरून ट्रायने २०२२ साली आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतन करता येईल असा, निदान एकेक पॅक ठेवलाच पाहिजे. दुसरी गोष्ट, ज्याला इंटरनेट नको, त्याने इंटरनेटचे पैसे का भरावेत? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे व संदेश यांसाठी वेगळा पॅक देणे बंधनकारक केले, आणि अशा खास पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. बटणांचा फोन वापरणाऱ्या आईबापांसाठी दुकानदाराकडे असाच पॅक मागावा. तो आपण होऊन सांगेलच असे नाही.

तिसरी गोष्ट. कंपनी पसंत नसेल तर क्रमांक न सोडता कंपनी बदलता येते. ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द, त्यापुढे जागा सोडून आपला क्रमांक, असा संदेश १९०० वर पाठवावा. जो सांकेतिक आकडा येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. मात्र सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पुरे झालेले असावेत, आणि हे सारे मुदत संपण्यापूर्वी करावे. जुनी शिल्लक नव्या कंपनीकडे येत नाही. आणि चौथी गोष्ट. क्रमांक सोडायचाच असेल, तर आधी बँक, आधार, गॅस, व्हॉट्सॲप या सर्व ठिकाणी नवा क्रमांक लावून घ्यावा, मगच जुना सोडावा. नवी विहीर लागल्याशिवाय जुनी कोणी बुजवते काय?

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेच्या नोंदवहीत पालकांचे क्रमांक असतात. शिष्यवृत्तीच्या अर्जावरही तेच. वर्षातून दोनदा ते चालू आहेत की नाहीत, हे मुलांकडून विचारून घ्यावे. आणि गणिताच्या तासाला एक उदाहरण घालावे: २८ दिवसांचा पॅक आणि ३० दिवसांचा पॅक, वर्षाला कोणता स्वस्त? मुले घरी जाऊन किमती विचारतील, उत्तर काढतील, आणि घरच्यांनाही ते समजेल.

आणि त्या आईच्या मुलाला सांगायचे ते एवढेच, की बाबा रे, दिवाळी होऊन किती दिवस झाले ते मोज. नव्वद झाले नसतील, तर आजच तो डबा उघड.