इलेक्ट्रॉनचें छायाचित्र

आजच्या भाषणाचें नांव ऐकून आपणांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एखादा सूक्ष्म, चकाकता गोळा उभा राहिला असेल. तसें छायाचित्र कोणीं काढलेलें नाहीं. प्रयोगशाळेंत एका इलेक्ट्रॉनकडून मिळतो तो पडद्यावरचा अवघा एक ठिपका. असे लक्षावधि ठिपके सांठल्यावर जी आकृति उमटते, तिलाच शास्त्रज्ञ चित्र म्हणतात.

निर्वात पात्रांत झेनॉनसारख्या वायूची बारीक धार सोडून तिच्यावर लेसर-प्रकाशाचे अत्यल्पकालीन झोत टाकतात. तीस फेम्टोसेकंदांचा झोत घेतला, तर तेवढ्या अवधींत सेकंदाला ३,००,००० किलोमीटर धांवणारा प्रकाशहि केसाची जाडी ओलांडूं शकत नाहीं. एवढ्याशा काळांत कोंबलेल्या प्रकाशाचे अनेक कण परमाणु एकदम गिळतो आणि त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो. विद्युत्क्षेत्र त्याला पडद्याकडे ओढून नेतें. १९९७ सालीं हॉलंडमध्यें एपिंक व पार्कर यांनीं या क्षेत्राची रचना अशी बसविली कीं, एकाच वेगानें व एकाच दिशेनें निघालेले इलेक्ट्रॉन, ते धारेंत कोठेंहि सुटलेले असोत, पडद्यावर एकाच जागीं पडावे. तेव्हां ठिपका सांगतो तो इलेक्ट्रॉनचा वेग. त्याचें स्थान नव्हे.

चित्रांत एकांत एक अशीं वर्तुळें दिसतात, त्यांचें कारण मोठें मौजेचें आहे. झेनॉनचा इलेक्ट्रॉन सोडविण्यास १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हिरव्या प्रकाशाचे सहा कण त्यास पुरेत. पण १९७९ सालीं फ्रान्समध्यें अगोस्तिनी व त्यांच्या सहकाऱ्यांना, गरज नसतां सातवा कणहि पचविलेले इलेक्ट्रॉन आढळले! प्रत्येक जादा कणामागें बाहेर आणखी एक वर्तुळ.

हीं वर्तुळें रेखीव हवीं असतील, तर घाई उपयोगाची नाहीं. एका झोतांत पुष्कळ परमाणु फोडले, तर इलेक्ट्रॉन परस्परांस दूर लोटतात आणि आकृति विसकटते. शिवाय कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या परमाणूचा, हेंहि कळेनासें होतें. म्हणून दहा झोतांत सरासरीनें एकच परमाणु फुटावा इतका वायु विरळ ठेवतात. व्यवहारी माणसाला ही उधळपट्टी वाटेल. मला तो या प्रयोगाचा प्राण वाटतो.

मात्र हिशेब पाहा. सेकंदाला १,००० झोत असतील, तर १०० ठिपके मिळतात, आणि दहा लाख ठिपक्यांस पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. तितका वेळ लेसर तसूभरहि न ढळतां राहणें कठीण. हेच झोत सेकंदाला १,००,००० केले, कीं काम शंभर सेकंदांत उरकतें. झोत वाढले म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास ऊर्जा कमी येते हें खरें; मग तो भिंगानें अधिक बारीक एकवटावा लागतो आणि थोडेच परमाणु त्याच्या टप्प्यांत सांपडतात. येथें ती उणीव पथ्यावरच पडते.

हलतें चित्र हवें असेल, तर दोन झोत पाठोपाठ सोडून त्यांमधील अंतर थोडें थोडें वाढवीत जातात, आणि प्रत्येक अंतराचें निराळें चित्र घेतात. अशा शंभर चित्रांना मंद लेसर अहोरात्र साडेअकरा दिवस चालवावा लागेल. जलद लेसर तेंच काम दुपारच्या जेवणापासून संध्याकाळपर्यंत संपवितो.