शर्यत ब्रेकवर जिंकतात

अध्यक्ष महाराज आणि इतक्या उकाड्यात पंख्याखालची जागा सोडून पुढे येऊन बसलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेत ‘वेगाचा सिनेमा’ असं छापलंय. मी बोलणार आहे ब्रेकवर. (हशा) पहिल्या रांगेतून आवाज आला, गेल्या वर्षीही ब्रेकच होता. होता. पण गेल्या वर्षी तुम्हाला पटला नव्हता! (हशा)

2001 सालचा ‘ड्रिव्हन’ घ्या. लेखक आणि नट सिल्व्हेस्टर स्टॅलोन, दिग्दर्शक रेनी हार्लिन. हा स्टॅलोन ‘रॉकी’वाला. त्याला खरं तर फॉर्म्युला वनवर सिनेमा काढायचा होता. शर्यतींना जाऊन आला, पण ते काही जमेना. मग तो अमेरिकेतल्या कार्ट या शर्यतींच्या मालिकेकडे वळला. कार्ट म्हणजे आपल्या घरातलं कार्टं नव्हे. (हशा) पुढे जाऊ.

या सिनेमात काय नाही? ट्रॅकवर नाणी ठेवतात आणि नायक भरधाव गाडीच्या टायरने ती उचलून आणतो. दोघे जण पार्टीतून शर्यतीच्या गाड्या काढतात आणि रात्रीच्या शिकागोतून सुसाट सुटतात. अपघातात गाड्या संगणकाच्या कृपेने पतंगासारख्या गिरक्या घेतात. खर्चही वसूल झाला नाही. का? कारण यात सगळे पळतात, थांबायचं कुणालाच नसतं.

ताशी तीनशेच्या वेगाने सरळ रस्त्यावर दोघेही जातात हो. वळण आलं की जो दहा मीटर उशिरा ब्रेक मारतो आणि तरीही वळतो, तो पुढे. 1953 सालची ल मान्सची शर्यत आठवा. चोवीस तासांची. जग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावले. इतरांचे ड्रम ब्रेक तापून ढिले पडत. डिस्क उघड्यावर, वाऱ्यात गार होणारी. जग्वारचे रोल्ट आणि हॅमिल्टन ती शर्यत जिंकले. इंजिनाचं कौतुक नंतर करू.

आता माझे मामा. नाही, दोनच मिनिटं. मामा एसटीत ड्रायव्हर. लहानपणी मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून आंबा घाट उतरायचो. घाटमाथ्यावर गाडी थांबवून ते खाली उतरत, चारी चाकांपाशी वाकून नुसता वास घेत. ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास आला तर बिडी पेटवून बसत. प्रवासी कितीही ओरडोत. मग दुसरा गिअर टाकत, तो पायथ्यापर्यंत तसाच. एका वरातीच्या गाडीने न्यूट्रलमध्ये आम्हाला मागे टाकलं, वऱ्हाडी हात हलवत गेले. तीन वळणं खाली तीच गाडी कडेला, चाकामागे दगड, धूर निघतोय. मामा उतरले, आमचा दगड त्यांच्या दुसऱ्या चाकाला लावला आणि एवढंच म्हणाले, “चढताना इंजिन कळतं, उतरताना ड्रायव्हर.” (टाळ्या)

टाळ्या मामांना देतो. चिटणीसांची ही तिसरी चिठ्ठी. पहिल्या दोन मी पाहिल्या नाहीत असं समजा. (हशा) मॅक्वीनचा ‘ल मान्स’ आणि फ्रँकनहायमरचा ‘ग्रँड प्री’ हे सिनेमे राहिले, पुढच्या वर्षी. आणि मागचे जे गृहस्थ मान हलवताहेत, त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, ब्रेक दाखवला म्हणून सिनेमा चांगला होत नाही. पण ऐका.

मामा निवृत्त झाल्यावर त्यांना दोन सिनेमे दाखवले. आधी ‘ड्रिव्हन’. त्यातल्या शिकागोच्या प्रसंगात माझं लक्ष पडद्याकडे नव्हतं, त्यांच्या पायाकडे होतं. उजवा पाय पाटावर निवांत. मग ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ लावला. रात्रीची ल मान्स, वळण जवळ येतंय, चाकांमागे डिस्क लालभडक. मामांच्या पायाखालचा पाट कुरकुरला.