तळं कोणाचं आणि काठ कोणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहाराच्या कार्याचा आढावा घ्या, असं आम्हांला सांगण्यात आलं होतं. तो अहवाल चिटणीस वाचतीलच. पण गेल्या पावसाळ्यापासून आपल्या वस्तीत जे चाललं आहे ते बाजूला ठेवून आम्हांला बोलवणार नाही. तळ्याकाठच्या मोकळ्या जागेवरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला आहे. वंदनेला येणारी माणसंसुद्धा दोन बाजूंना बसतात. आजही तसेच बसला आहात, इथून सगळं दिसतं.

ती जागा विकास आराखड्यात बागेसाठी राखलेली. बाग काही झाली नाही. पोरं तिथं क्रिकेट खेळली, आपल्या लेकींच्या लग्नांचे मांडव तिथं पडले, १४ एप्रिलची मिरवणूक तिथूनच निघत आली. आता आरक्षण बदलून तिथं बोट क्लब, हॉटेल आणि गाड्या उभ्या करायची जागा करायचं घाटतं आहे. एक बाजू म्हणते, पोरांना काम लागेल, काठावरच्या झोपड्यांना पक्क्या खोल्या मिळतील. दुसरी म्हणते, एकदा कुंपण पडलं की तळं तिकीट काढून बघावं लागेल.

पहिल्या बाजूचा आम्हांला राग येत नाही, हे आधीच सांगतो. जुलैत पाणी चढलं की जी माऊली चूल उचलून माळ्यावर ठेवते, तिला निसर्गाच्या गोष्टी सांगायला कोणत्या तोंडानं जायचं? इमारतीतल्या मंडळींना तळं गॅलरीतून दिसतं, तिला ते घरात दिसतं. खोली मागणारा माणूस विकला गेला आहे, असं जे कुणी चहाच्या टपरीवर बोलतात, त्यांनी ते बंद करावं.

आणि बोटीलाही आमचा विरोध नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावात बोटी फिरतात. बाजूला गडकरी रंगायतन आहे, संध्याकाळी तलावपाळीला पाय ठेवायला जागा नसते. पण तिथल्या कट्ट्यावर बसायला कुणी पैसे मागत नाही. भांडण बोटीचं नाहीच मुळी, काठाचं आहे.

तळं खाजगी की सार्वजनिक, हा वाद तर आपल्या घरातलाच. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ओंजळीनं पाणी प्याले, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पुढचं मात्र आपण कमी सांगतो. त्याच वर्षी डिसेंबरात विरोधक कोर्टात गेले आणि तळं खाजगी असल्याचा दावा लावला. मनाईहुकूम मिळाला. बाबासाहेबांनी तो मानला आणि खटला लढवला. जवळजवळ दहा वर्षं! १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. एका दिवसाचा सत्याग्रह आणि दहा वर्षांची कागदपत्रं. आपण मिरवणूक त्या दिवसाची काढतो.

अलीकडचं पाहा. आपल्या ठाणे जिल्ह्यातच, नेरूळला, एनआरआय कॉम्प्लेक्सजवळच्या पाणथळ जागेवर गोल्फचं मैदान आणि इमारती व्हायच्या होत्या. जागा ना-विकास क्षेत्रातली, तिचा वापर बदलण्यात आला. रहिवासी आणि संस्था हायकोर्टात गेल्या. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कोर्टानं तो बदल रद्द केला. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिथं फ्लेमिंगो येतात, म्हणून वर्तमानपत्रंही आली. आपल्या तळ्यावर बगळे. आपल्याला कागदावरच भिस्त ठेवावी लागणार.

आणखी एक निकाल आहे, तो थोडा कडू आहे. हिंचलाल तिवारी प्रकरणात २००१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गावतळी ही सगळ्या समाजाची संपत्ती आहे, ती राखली पाहिजेत. त्या निकालात तळ्याच्या जमिनीवर घरांसाठी दिलेले प्लॉट रद्द झाले. म्हणजे नुसतं 'तळं वाचवा' म्हणत कोर्टात गेलो तर झोपडीवालीचं घरही त्यात जाऊ शकतं. तळं वाचवणाऱ्यांनी याचा विचार केला आहे काय?

म्हणून आमचं म्हणणं असं. नगररचना कायदा १९६६ चा. त्याच्या ३७ कलमानुसार आरक्षणात असा बदल करायचा तर राजपत्रात सूचना द्यावी लागते. एक महिन्याच्या आत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो आणि त्याला सुनावणी मिळते. शेवटची मंजुरी शासनाची. आपल्याकडची सूचना आम्ही तीन वेळा वाचली. खोल्यांचा त्यात एक शब्द नाही. खोल्या फक्त तोंडी आहेत. आणि इमारतवाल्यांनी लिहून ठेवलेल्या हरकतीतही झोपड्यांचा एक शब्द नाही.

तेव्हा दोन अर्ज नकोत, एकच करू. काठ बागेसाठीच खुला ठेवा, आणि पाण्यात बुडणाऱ्या घरांना जवळपासच खोल्या द्या, लेखी द्या. या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. एकीवर सही करायची असेल तर दुसरीवरही करावी लागेल. काहींना हे पटणार नाही, कालच्या बैठकीत दोघेजण उठून गेलेच. ते आज आले आहेत, बरं वाटलं.

मुदतीचे अकरा दिवस उरले आहेत. नकाशा मागच्या टेबलावर पसरून ठेवला आहे. खीर घ्यायला जाताना आपलं घर त्यात कुठं येतं ते बघा. चष्मा विसरला असाल तर तिथं बसलेली बारावीची मुलगी दाखवील. अर्ज तिच्याकडेच आहे.

जयभीम.